जंतू हुशार झालेत म्हणे

सदाशिव पेठेतल्या दवाखान्यात डॉक्टरांनी दत्तोबांच्या पायाची पट्टी सोडली, वास आला तसं तोंड फिरवलं आणि म्हणाले, "जंतू फार हुशार झालेत हो हल्ली."

ऋतुजाचं डोकं सणकलं. मांजरी गावच्या रानात तिच्या वडिलांच्या पायात उसाचा खुंट घुसला, त्याला दोन महिने झाले होते. त्यात शुगर. आणि ती स्वतः पीएचडी करत होती ती नेमकी यावरच, की संकट आलं की जिवाणू काय करतात.

"हुशार? त्यांना मेंदू नाही, डॉक्टर. विष आत शिरलं की ते बाहेर फेकायची यंत्रणा आपोआप सुरू होते. डोळ्यात धूळ गेली की पापणी मिटते, तसं. विचार तुम्ही करायचा होता. पू तपासायला न पाठवता चार वेळा गोळ्या बदलल्यात!"

"आपण डॉक्टर आहात?"

"होणार आहे."

"झालात की या."

तिने वडिलांना त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात नेलं. रिपोर्ट आला, बहुतेक औषधं निकामी. पाय वाचवायला दोन बोटं काढावी लागली.

वॉर्डात ती त्या डॉक्टरांच्या नावाने बोटं मोडत होती. दत्तोबा म्हणाले, "पर त्या जंतूंस्नी कळतं कसं, कुठलं औषध हाय ते?"

"कळत नाही, आप्पा. लाखांत एखादा आधीच वेगळा असतो. बाकीचे मरतात, तो उरतो आणि वाढतो."

बोलता बोलता ती अडखळली. तिच्या प्रयोगात, एकदा थोडं औषध चाखलेले जिवाणू दुसऱ्या वेळी लवकर सावरले होते. तिने 'आठवण' असा शब्द लिहिला, तिच्या पीएचडीच्या सरांनी तो लाल पेनाने खोडला. तो शब्द चूक की बरोबर हे तिला अजून सांगता येत नव्हतं, याचाही तिला राग होता.

"मंग त्या गुलाबी गोळ्यांनी बी तसंच झालं असंल," दत्तोबा म्हणाले.

"कुठल्या?"

"तुझ्या उरल्याल्या. फोनवर म्हणालीस, कपाटात हायत, घ्या चार."

तिला आठवलं. हातात मोजे, फोन खांद्याशी धरलेला, समोर प्रयोग. फोन लवकर ठेवावा म्हणून ती तसं बोलून गेली होती. ती, जिला अर्धवट औषधाने काय होतं ते सगळं माहीत होतं! तिने पलंगाच्या दांडीवर मूठ आपटली. दत्तोबा दचकले.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा त्या दवाखान्यात गेली.

"मधे एकदा मीही न विचारता गोळ्या दिल्या होत्या. केसपेपरवर लिहा."

डॉक्टरांनी लिहिलं.

"त्याने तुमच्या चार चुका माफ होत नाहीत. बाहेर एक बाई पायाला फडकं बांधून बसल्यात. त्यांचा पू आधी तपासायला पाठवा."

"आपला नंबर झाला. निघा."

ऋतुजा दारातच उभी राहिली. रांगेतली माणसं कुरकुरली, कंपाउंडर ओरडला, ती हलली नाही. त्या बाईंच्या हातात तपासणीची चिठ्ठी पडली, तेव्हाच ती जिना उतरली.