दोन्ही बाजूंनी बंद

आईच्या उशीपासून बावीस सेंटिमीटरवर, भिंतीवर बुरशीचा एक ठिपका होता. गेल्या महिन्यात मी त्याच्याभोवती पेन्सिलीने गोल काढला तेव्हा तो चार मिलिमीटरचा होता. आज तो अकरा भरला. पेन्सिलीची रेघ त्याने गिळली होती आणि शेजारी पिलावळही दिसू लागली होती.

आई पलंगावर बसून खोकत होती आणि मधेमधे "धूळ गं, दुसरं काही नाही" असं मला समजावत होती.

धूळ नव्हती. हे घर अकरा वर्षांपूर्वी मीच बांधलं होतं. आर्किटेक्ट म्हणून माझं पहिलं. समुद्र इथून पावणेदोन किलोमीटर. हवेत इतकी वाफ असते की घाम वाळत नाही. वारा अंगावरून वाहत राहिला तरच माणसाला बरं वाटतं. म्हणून छप्पर भिंतींच्या बरंच बाहेर काढलं, गिलावा चुन्याचा केला आणि जागा चिंचोळी असल्यामुळे खोल्या एकीमागे एक ठेवल्या. वारा समुद्राकडून दादाच्या खोलीत येणार, मधल्या भिंतीच्या माथ्यावरच्या लांब झरोक्यातून आईच्या खोलीत शिरणार आणि तिच्या मागच्या खिडकीतून बाहेर पडणार. पंखासुद्धा क्वचित लागावा, असा हिशेब.

मी काठीच्या टोकाला बांधलेला रेशमी दोरा झरोक्यापाशी धरला. तो सरळ खाली लोंबत राहिला. आर्द्रता चौऱ्याऐंशी टक्के.

"झरोका कुणी बंद केलाय का?" मी गेले चार महिने विचारत होते. खालून तिरप्या लाकडी पट्ट्यांपलीकडचं काही दिसत नाही, आणि दादा-वहिनीच्या खोलीत मी शिरत नाही. वहिनी म्हणाली, डास येतात म्हणून कधीतरी जाळी लावली असेल. पुढच्या खेपेला म्हणाली, खाऱ्या वाऱ्याने पट्ट्या फुगल्या असतील. आई म्हणाली, वारा पूर्वीसारखा राहिलाच नाही. शिडी मागितली तर ती कुणालातरी दिलेली असायची. दादा म्हणाला, "बघू."

दादाचं "बघू" आमच्या घरात सगळ्या दुखण्यांवरचं औषध आहे. गेली तीन वर्षं त्याला बढतीचं पत्र येतं. बढती घ्यायची तर बायको-मुलांना घेऊन डोंगरातल्या मुख्य कचेरीत जायचं, दिवसभराच्या अंतरावर. तो दर वर्षी "बघू" म्हणतो आणि मुदत निघून जाते. यंदाचं तिसरं पत्र टेबलावर पडून होतं, उत्तराला उद्यापर्यंत मुदत. वहिनी त्याच्यावरच भाजी निवडायला बसायची.

खोकल्यावर मात्र त्याने एकट्याने, झटपट निर्णय घेतला होता: आईच्या खोलीत एसी बसवायचा. म्हणजे झरोका कायमचा बुजवायचा आणि मागची खिडकीही. मग भिंतींत बुरशी, खोलीत गारठा, आणि वीज गेली की आई बंद डब्यात. मी त्याला आकडे दाखवले. आलेख काढून दिला. त्याने तो चहाच्या कपाखाली ठेवला.

"मोजपट्टी," तो मला लहानपणापासून असंच म्हणतो, "तुझ्या आलेखाने तिचा खोकला थांबतोय का?"

चार वाजता एसीवाला आला. त्याने वर पाहिलं, मान हलवली आणि म्हणाला, "ताई, हे एवढं भोक ठेवून एसी लावाल, तर अख्खा समुद्र गार करत बसाल." त्याच्या खांद्यावर शिडी होती. मी त्याच्या हातात पाण्याचा पेला दिला आणि तो पिईपर्यंत शिडी लावून वर चढले.

"अगं, पडशील," आई म्हणाली. मग जरा वेगळ्या आवाजात, "राहू दे ना ते."

पट्ट्यांच्या मागे काहीतरी मऊ होतं. चौकट निघत होती, मीच तशी केली होती. आत आईची जुनी सुती साडी निघाली. सहा घड्या घालून, कडेने टाके मारून, झरोक्याच्या मापाची गादीच केलेली. टाके आईचेच. इतकी समान शिवण घरात दुसऱ्या कुणाची नाही.

मी खाली पाहिलं. आई पायाच्या नखांकडे पाहत होती.

साडी ओढून काढली तरी उजेड आला नाही. पलीकडच्या तोंडाला थर्माकोल होता, सुरीने मापात कापलेला, चारी बाजूंनी चिकटपट्टी. मधे पालीची दोन अंडी आणि कोंडलेली जुनी हवा. म्हणजे दोन्हीकडून बंद, आणि कुणाला कुणाचा पत्ता नाही. चार महिने मी भिंतींची ओल मोजत होते. मी थर्माकोलला रागाने धक्का दिला. तो पलीकडे दादाच्या पलंगावर पडला, आणि अर्थातच दादा तिथे बसला होता.

"अगं ए!"

"हे कुणी लावलं, दादा?"

पलीकडून वहिनी पुटपुटली, "सांगा ना आता." तिने ते अगदी हळू म्हटलं होतं, पण मला ते कानाशी बोलल्यासारखं ऐकू आलं. खाली आईलाही आलं. पाण्याचा पेला हातात धरलेल्या एसीवाल्यालाही आलं असावं, कारण त्याने पिणं थांबवलं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घराच्या नकाशावर मी वाऱ्याचे निळे बाण काढले होते, एकूण सतरा. आवाजाचा एकही काढला नव्हता.

"ती दोघं रोज माझ्यावरून बोलायची," आई मला म्हणाली. "आईला एकटं कसं टाकायचं, आई तिकडे येईल का, तिला तिथली थंडी सोसेल का. मला ऐकू जातं हे त्यांना कळलं असतं तर त्यांनी बोलणंच बंद केलं असतं. नवरा-बायकोने बोलायचं तरी कुठे? म्हणून शिवली."

"आणि तिला ऐकू जाऊन वाईट वाटू नये म्हणून आम्ही लावला," पलीकडून वहिनी म्हणाली. "दोन वर्षं झाली, ताई. तुम्ही विचारायचात आणि मी डासांवर ढकलायची."

मला कुणावर चिडावं तेच कळेना. मी शिडीवर होते, एका हातात साडी, आणि मानेवर काहीतरी जाणवत होतं. तो वारा होता. खाली पलंगाला टेकून ठेवलेल्या काठीचा दोरा मागच्या खिडकीकडे कलला होता.

आई उठून झरोक्याखाली आली. आवाज चढवायची गरज नव्हती, तिने चढवलाही नाही.

"तिसरं पत्र आलंय ना रे? मी तिकडे यायची नाही. माझे सांधे थंडीत धरतात. ही दोन गल्ल्या सोडून राहते, दिवसाआड मोजमापं घ्यायला येतेच. माझ्यासाठी थांबू नकोस. मला त्याचंच ओझं होतं."

"बघू, आई—"

"तीन वर्षं बघतच आहात," वहिनी म्हणाली.

पलीकडे पलंग करकरला. दादा उठून भिंतीपाशी आला असावा. त्याचा श्वास मला वरून ऐकू येत होता. एसीवाल्याने पेला अलगद खिडकीत ठेवला.

"आई," दादा म्हणाला, "मी आजच होकार कळवतो. मुलांची परीक्षा झाली की आम्ही जातो."