बेपत्ता

माझी खोली ताईच्या लाँड्रीच्या वर आहे. खाली इस्त्र्या तापल्या की वाफ जिन्याने वर येते आणि दुपारभर खिडकीची काच धूसर राहते. समोरची इमारत पाण्याखाली असावी तशी दिसते. माझी बाराही पुस्तकं याच उजेडात लिहिली गेली आणि त्यांत मी सतरा माणसं मारली.

त्याआधी वीस वर्षं मी वर्तमानपत्रात गुन्ह्यांच्या बातम्या लिहायचो. आमच्या संपादकांचा एक नियम होता. मृतदेह स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली दोन माणसं भेटल्याशिवाय ‘मृत्यू’ हा शब्द छापायचा नाही. तोवर ‘बेपत्ता’. नोकरी सुटली, नियम सुटला नाही. कादंबरीतले साक्षीदार मीच जन्माला घालतो, तरी दोघं लागतातच.

तेराव्या कादंबरीत अडलो. नदीची पातळी मोजणारा एक कारकून सकाळी होडी घेऊन निघतो. होडी परत येते, तो येत नाही. भाऊजींचं चौदा वर्षांपूर्वी असंच झालं. ओळखू येऊ नयेत म्हणून मी कारकुनाला मिशा दिल्या होत्या. चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा तो शेवटच्या पानावर बेपत्ताच राहिला.

माझं लिखाण आधी ताई वाचते. काल दुपारी ती वर आली आणि कागदांचा गठ्ठा टेबलावर आपटला.

“यांना मिशा अजिबात शोभत नाहीत,” ती म्हणाली.

मी पेनाचं टोपण शोधू लागलो.

“बारक्या, सतरा मुडदे पाडलेस. त्या बिचाऱ्या दंतवैद्याला तर त्याच्याच खुर्चीत मारलंस. यांच्यापाशी आल्यावर बरा हात आखडतो तुझा!”

“भाऊजींना कोणी पाहिलेलं नाही, ताई.”

“आणि दंतवैद्याला?”

“कंपाउंडरने. शिवाय शेजारणीने.”

“त्या शेजारणीला दुसरं काम नव्हतंच.” ती खुर्ची ओढून बसली. “मग इथे आण की कोणी दोघं.”

“तुला वाईट वाटेल म्हणून...”

“माझ्या नावावर खपवू नकोस.” हातातला ओला रुमाल तिने चारदा घडी केला, चारदा उलगडला. “ती बातमी तूच लिहिली होतीस. ‘बेपत्ता’. मी म्हटलं, माझा भाऊ लिहितोय म्हणजे अजून काहीतरी शिल्लक असेल. म्हणून थांबले. नंतर सरकारी कागद आला, त्यात ‘मृत मानण्यात यावे’. मानण्यात यावे! मला धड रडताही आलं नाही रे. तुझ्या अक्षरात वाचायचंय मला. एकदाच.”

इतकी वर्षं मला वाटत होतं, त्या शब्दाने मी तिची आशा जपली. मी फक्त नियम पाळला होता.

मी कोरा कागद घेतला. काच आता पूर्ण पांढरी झाली होती. लिहिता लिहिता खोलीत नदीचा वास आल्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन होडीवाले लव्हाळ्यात अडकलेला कारकून पाहतात. एक नाव सांगतो, दुसरा होकाराची मान डोलावतो. मिशा काढून टाकल्या. मग तो शब्द लिहिला. दोनच अक्षरं, पण शाई वाळेपर्यंत मी श्वास घेतला नाही.

ताई खांद्यामागे उभी राहून वाचत होती.

“डोळे उघडे आहेत त्यांचे,” ती म्हणाली.

मी लिहिलं, कोणीतरी त्याचे डोळे मिटले.

“कोणीतरी म्हणजे कोण?”

“होडीवाला.”

“त्याचा काय संबंध? खोड ते. मला येऊ दे.”

ती ओळ खोडली. होडीवाल्यांना काठावर थांबवलं आणि त्याच्या बायकोला निरोप धाडला. घर लांब होतं, वाट चिखलाची होती. तिला पोचायला लागेल तेवढा वेळ मी लिहीत राहिलो: तिची पावलं, धरलेल्या फांद्या, पाण्यावरून सरकणारं धुकं. मागे ताईचा श्वास जड होत होता. अखेर बाई काठाशी पोचली, गुडघ्यांवर बसली. मी पेन थांबवलं.

“लिही,” ताई म्हणाली, “मिटतेय मी.”