क्लचबाबाचं भस्म

कळमेश्वर रस्त्यावर ट्रक तोलायचा एक वजनकाटा बरेच दिवस बंद पडून होता. त्या सकाळी तिथली गाड्यांची रांग थेट डांबरी रस्त्याला येऊन टेकली होती. टॅक्सीवाले, शाळेच्या व्हॅनवाले, भाजीचे टेम्पोवाले, सगळे हातात नारळ घेऊन उभे. टिनाच्या शेडखाली भगवी कफनी आणि पायांत काळे बूट घातलेले गतिनाथ महाराज डोळे मिटून उभे होते. लोक त्यांना क्लचबाबाच म्हणत.

"गाडीत भूत आहे का नाही, आपल्या डोळ्यानं पाहा!" महाराजांचा चेला नत्थूजी भोंग्यातून ओरडला. त्यानं समोरच्या टॅक्सीचा हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला, क्लचवरचा पाय काढला आणि रेस दिली. इंजिन बोंबलत राहिलं, गाडी जागची हलली नाही.

"इंजिन पळून राहिलं अन् गाडी उभी! मधातली ताकद कोण खाऊन राहिलं?"

"भूत!" गर्दी गरजली.

महाराजांनी डोळे उघडले. "इंजिन म्हणजे जीव. चाकं म्हणजे संसार. दोघांच्या मधात असते श्रद्धा. श्रद्धा घसरली की क्लच घसरते! मेकॅनिक प्लेट बदलते बाळांनो, नशीब नाही बदलत!"

मग ते सतरंजीवर आडवे होऊन गाडीखाली शिरले. गिअरबॉक्सच्या बाजूची रबरी टोपी सरकवून त्यांनी एका नळीतून पिवळसर भस्म आत फुंकलं. गाडी कडुनिंबाच्या सावलीत ढकलली गेली. लांबलचक आरती झाली, प्रवचन झालं, प्रसाद वाटला. त्यानंतर नत्थूजीनं पुन्हा तसाच हँडब्रेक ओढून, तसाच तिसरा गिअर टाकून क्लच सोडला. या वेळी इंजिनानं एक आचका दिला आणि ते बंद पडलं.

"ताकद चाकापर्यंत पोचली, ब्रेकनं इंजिनले दाबलं! भूत मेलं!"

घंटा वाजल्या. टॅक्सीवाला रडत महाराजांच्या बुटांवर पडला. रांगेत उभ्या असलेल्या अंकुशच्याही अंगावर काटा आला.

अंकुश रामटेकचा. त्याची सात सीटची जुनी डिझेल गाडी होती. गावातल्या डायलिसिसच्या पेशंटांना ठरल्या दिवशी पहाटे नागपूरला न्यायचं, मशीनवर त्यांचं रक्त शुद्ध होईस्तोवर थांबायचं आणि परत आणायचं, हे त्याचं काम. भाडं म्हणून सुरू केलेलं ते काम केव्हा नातं झालं, ते त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. सुमतीकाकू तर त्याच्यासाठी मुली पाहायच्या. "तुले सावळी चालते ना गा?" असं मागच्या सीटवरून विचारायच्या आणि त्यांचे यजमान गिरिधरकाका कानांवर हात ठेवायचे. परतीच्या वाटेवर मात्र काकू गळून जायच्या, खिडकीला डोकं टेकून झोपायच्या. मग अंकुश खड्ड्यांवरून गाडी अशी नेई, जणू टपावर कोणी पाण्यानं भरलेली घागर ठेवली आहे.

त्या गाडीचा क्लच उन्हाळ्याच्या सुरुवातीपासून घसरत होता. अंकुशची मोठी बहीण माया सक्करदऱ्याला राहायची आणि एका तंत्रनिकेतनात वाहनांचं इंजिनिअरिंग शिकवायची. तिनं गाडी चालवून पाहिली आणि उतरून सरळ सांगितलं होतं, "नुसती प्लेट बदलून भागणार नाही. मागच्या सीलमधून ऑइल गळून क्लचवर चाललं आहे. क्लच ज्या जड चाकावर बसतो, तो फ्लायव्हीलही गेला. गाडी उभी असताना खडखड ऐकू येते ना? ती त्याची."

"गॅरेजवाला म्हणते साधा एकसंध फ्लायव्हील टाक. मजबूत राहते म्हणते."

"मजबूत राहतो, खोटं नाही. पण तुझ्या गाडीत दोन भागांचा फ्लायव्हील आहे, मधात स्प्रिंगा. इंजिनचे हिसके तो स्वतः पिऊन टाकतो. साधा टाकशील तर ते हिसके गाडीभर फिरतील. रेती वाहायची असती तर मीच म्हटलं असतं, टाक. तुझ्या गाडीत दुखणाईत माणसं झोपतात, अंकुश. अन् रेसिंगवाला कडक क्लचही नको. शहरातल्या गर्दीत तुझा पाय जाईल अन् गाडी झटके मारेल. आहे तसाच घे. क्लचचा पूर्ण सेट, नवा फ्लायव्हील अन् सील. एकदाच खोल, सगळं एकदाच बदल."

अंकुशला पटलं होतं. पण फ्लायव्हील मागवावा लागणार होता आणि नंतर गाडी दोन-तीन दिवस उभी राहणार होती. दुसरी गाडी तेवढ्या पहाटे यायला तयार नव्हती. कोणाचं डायलिसिस चुकवायचं? ते चुकलं की पेशंटच्या अंगात पाणी साठतं आणि ते छातीत चढतं, हे त्यानं जवळून पाहिलं होतं. त्याची ही घालमेल पाहून गिरिधरकाकाच म्हणाले होते, "माझ्या भाच्याची गाडी त्या कळमेश्वरच्या महाराजांनी दुरुस्त केली म्हणे. न खोलता. पाहून तर ये."

अंकुशच्या आजोबांनी छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतलेली. त्यांच्या घरात अंगारा कधी शिरला नव्हता. तरी त्या दिवशी पेशंटांना दवाखान्यात सोडून अंकुश मायाला न सांगता रांगेत येऊन उभा राहिला.

त्याच्याही गाडीतलं भूत मेलं. महाराजांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "आता गाडीले पाना लावू नको. मेकॅनिकनं खोललं की कृपा उडाली समज."

परतताना गाडी खरंच जोमात ओढत होती. काकूंना घेऊन तो मनसर ओलांडून गेला तरी इंजिन एकदाही रिकामं ओरडलं नाही. अंकुशनं स्टिअरिंगला हात लावून नमस्कार केला.

त्याच आठवड्यात मायाचा फोन आला. "मी मागवलेलं सामान आलं गा. गाडी केव्हा आणतो?"

"आता गरज नाही वं ताई. झाली चांगली."

"चांगली झाली म्हणजे? क्लच कधी आपोआप चांगला होते का?"

"तू काहून मागे लागून राहिली? चालून राहिली ना गाडी!" तो चिडून बोलला आणि फोन ठेवला. आपण कधी नव्हे ते ताईवर ओरडलो, हे त्याला नंतर दिवसभर टोचत राहिलं. तरी त्यानं परत फोन केला नाही.

पुढच्या सोमवारी उजाडता उजाडता गिरिधरकाका धापा टाकत दारात आले. काकूंना आडवं होता येत नव्हतं, पाणी छातीत चढून श्वास लागला होता. इतर पेशंटांसाठी न थांबता अंकुशनं दोघांना गाडीत घातलं. काकू मधल्या सीटवर पुढे वाकून बसल्या, काकांनी त्यांची पाठ धरली. रस्ता मोकळा होता. अंकुशनं गाडी पळवली, कन्हानपर्यंत त्याला वाटलं, पोचतो आपण.

कामठीच्या अलीकडे उड्डाणपुलाचा चढ लागला. अर्ध्या चढावर पुढचा ट्रक रांगू लागला, त्याच्यामागे क्लच दाबत, सोडत चालावं लागलं. आधी जळका वास आला. मग इंजिन एकदम ओरडलं आणि गाडी मंदावली. अंकुशनं गिअर खाली घेतला, रेस दिली. इंजिन आणखी ओरडलं. गाडी थांबली आणि मागे सरकायला लागली. त्यानं ब्रेक मारला. इंजिनची ताकद चाकांपर्यंत पोचतच नव्हती.

"गाडी काहून थांबली, अंकुश?" काकूंनी विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता.

"आत्ता निघते काकू. आत्ताच निघते."

त्यानं ॲम्ब्युलन्सला फोन लावला, ती लांब होती. मग रस्त्याच्या मधोमध उभं राहून हात जोडून गाड्या थांबवायला लागला. बऱ्याच वेळानं दुधाचे कॅन घेऊन जाणारी एक पिकअप थांबली. कॅन रस्त्यावर उतरवून त्यांनी काकूंना आत बसवलं. काकांच्या खांद्यावर डोकं ठेवून काकू दवाखान्याच्या फाटकापर्यंत पोचल्या. आत नेल्यावर डॉक्टरांनी पाहिलं आणि काकांना बाजूला बोलावलं. अंकुश लांब उभा होता. काकांनी चष्मा काढलेला त्याला दिसला, तेव्हा त्याला कळलं, काकू गेल्या.

अंत्यविधी झाल्यावर अंकुशची गाडी टोचन लावून, ओढत मायाच्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये नेली. अंकुशनं भस्माची, आरतीची सगळी हकीकत मायाला सांगितली आणि गिअरबॉक्स उतरवला गेला. फ्लायव्हील ठिकठिकाणी निळा-काळा पडला होता. क्लचच्या प्लेटवर काळपट तपकिरी, चिकट थर बसला होता. तिनं तो पात्यानं खरवडला, चमच्यात घेऊन मेणबत्तीवर धरला. तो वितळून पाकासारखा झाला आणि धुपासारखा वास सुटला.

"राळ आहे," ती म्हणाली. "किराणा दुकानात मिळते. सारंगीवाले गजाला चोळतात, पकड यावी म्हणून. ऑइल लागलेल्या प्लेटवर भुकटी पडली की प्लेट काही वेळ घट्ट धरते. तापली की हीच राळ पातळ होते अन् क्लच पहिल्यापेक्षा जास्त घसरतो."

"पण आरती झाल्यावरच तर गाडीनं धरलं…"

"आरती गाडी थंड व्हायला होती गा. तापलेला क्लच सावलीत निवला की अर्धा तसाच धरतो. राहिलेलं राळेनं केलं."

अंकुशनं तो चमचा हातात घेतला. "ताई, तू सांगितलं होतं. काकूले मी मारलं."

माया त्याच्याजवळ बसली. भाऊ रडत असताना ती नुसती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

नंतरच्या रविवारी ती दोघं वजनकाट्यावर गेली. मायानं तंत्रनिकेतनाच्या परवानगीनं प्रशिक्षणाची एक जुनी गाडी आणली होती, तिचा क्लच घसरत होता. गिरिधरकाकाही न सांगता आले होते, धुतलेला सदरा घालून. गर्दी तेवढीच होती.

नत्थूजी गाडीची घ्यायचा तीच परीक्षा मायानं करून दाखवली. हँडब्रेक, तिसरा गिअर, क्लच सोडला, इंजिन सुरूच.

"भूत!" काही जण सवयीनं ओरडले.

मायानं पर्समधून किराणा दुकानाची पुडी काढली, सगळ्यांना हुंगायला दिली आणि गाडीखाली शिरून नळीनं आत फुंकली. मंत्र नाही, आरती नाही. गाडी तेवढा वेळ सावलीत उभी केली आणि तोवर कागदावर चित्र काढून क्लच कसा चालतो ते सांगितलं. मग परीक्षा घेतली. इंजिन बंद पडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"थांबा," ती म्हणाली. "आता बसा गाडीत, मावतील तेवढे."

काट्याच्या उतारावरून तिनं भरलेली गाडी वर-खाली फिरवली, चढावर थांबवून पुन्हा उचलली. काही फेऱ्यांनंतर बॉनेटखालून धूर आला आणि गाडी चढाच्या मधात इंजिन ओरडत उभी राहिली. तोच जळका वास पसरला. अंकुशनं तोंड फिरवलं.

महाराज पुढे आले. "बाई, तुमची श्रद्धा नव्हती. म्हणून घसरली."

"महाराज, पहिल्यांदा पकडली तेव्हाही माझी श्रद्धा नव्हती."

कोणीतरी हसलं. महाराज नत्थूजीकडे वळले, पण नत्थूजी भोंगा खाली ठेवून मागे सरकला होता.

हसणं थांबलं ते गिरिधरकाका चढाजवळ येऊन उभे राहिले तेव्हा. "या पोराले इथं मी पाठवलं. माझी बायको अशाच चढावर बंद गाडीत बसली होती. गाडी वेळेत पोचली असती तर ती वाचली असती का, हे डॉक्टरही सांगू शकले नाहीत. तिच्या हातचा तेवढा वेळ मात्र गेला. त्या वेळात तिनं फक्त एवढंच विचारलं की गाडी का थांबली. मला उत्तर माहीत नव्हतं. आज कळलं."

अंकुशनं त्यांना धरलं. मग तो रांगेतल्या ड्रायव्हरांकडे पाहून बोलला.

"माझ्या गाडीचं सामान येऊन पडलं होतं. मी खोललं नाही, कारण या महाराजानं सांगितलं खोलू नको. जो माणूस म्हणते खोलून पाहू नको, विचारू नको, त्याच्यापासून गाडी दूर घ्या भाऊ. आपल्या मागं माणसं बसतात. लहान लेकरं बसतात. नारळ फोडायचा तर फोडा, पण आधी गाडी खोलून पाहा. ज्याले समजते त्याले विचारा. अन् त्यानं सांगितलेलं पटलं नाही, तर त्यालेही विचारा, काहून?"

रांगेतली एक व्हॅन मागे वळली. मग दुसरी. काही गाड्या तशाच उभ्या राहिल्या, त्यांचे मालक महाराजांकडे पाहत होते. मायानं त्यातल्या पहिल्या गाडीच्या खिडकीशी जाऊन वाकून विचारलं, "दादा, तुमची गाडी चढावर कशी चालते?"