पस्तीस ओहम

आमच्या सासूबाईंचा हीटर जितक्या वेळा बंद पडला, तितक्या वेळा माझं डोकंही दुखलं नसेल. आतली तार तुटली की बाबा, म्हणजे माझे सासरे, ती ओढून घेत, तुटलेली टोकं एकमेकांत पिळत आणि हीटर चालू करून देत. जन्मभर त्यांनी पंपांच्या मोटारींचं वाइंडिंग केलं, जळलेल्या तारा काढून नव्या गुंडाळल्या. हात कापायला लागले, दुकान बंद झालं आणि माणूस गप्पच झाला. दिवसभर पेपर समोर धरून बसायचं, पान मात्र उलटायचं नाही. हीटर बिघडला की तेवढी स्वारी ताठ बसायची. आणि सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, ह्यांच्या हाताला गुण आहे, दुरुस्त केला की हीटर आधीपेक्षा जास्त ऊब देतो.

मी वीज कंपनीत मीटर तपासते. मला त्या वाढत्या उबेचीच धास्ती. काल संध्याकाळी प्लग काढायला गेले तर चटका बसला. सॉकेट काळं पडलेलं. आणि दोघं त्याच खोलीत झोपतात. हीटर उचलून भंगारात द्यावासा वाटला, पण तो गेला तर बाबांच्या हाताला काय उरणार? म्हणून करंट मोजायचा माझा चिमट्याचा मीटर मी त्यांच्याच हातात दिला आणि हिशेब तुम्हीच करा म्हटलं.

त्यांनी हीटरच्या वायरमधली एकच तार सुटी करून चिमट्यात धरली. साडेसहा अँपियर. व्होल्टेज दोनशे तीस. पेपरच्या कडेला थरथरत्या अक्षरात भागाकार मांडला.

"रेझिस्टन्स पस्तीस ओहम," ते म्हणाले. "नवा होता तेव्हा त्रेपन्न असणार." मग गुणाकार केला आणि पेन्सिल खाली ठेवली. "हजार वॅटचा हीटर पंधराशे खातोय."

पुढचं मला सांगावं लागलं नाही. प्रत्येक जोडणीत तार थोडी आखूड होत गेली, रेझिस्टन्स घटला, करंट वाढला, आणि सॉकेट बिचारं पाच अँपियरचं.

"माझ्या हाताने केलं मी हे," बाबा म्हणाले. "भाजली असती ती."

पलंगावर बसलेल्या सासूबाईंना ते ऐकवेना. "तुमचं काही चुकलं नाही हो. तार मीच तोडायचे, पकडीने. तुम्ही असे गप्प बसलात की मला घर खायला उठतं."

 बाबांना त्याचं नवल वाटलं नाही.

"माहीत आहे. जळून तुटलेल्या तारेच्या टोकाला वितळलेला बारीक मणी असतो. तुझी टोकं चपटी असायची."

"मग बोलला का नाहीत?"

"जोडून होईपर्यंत तू बॅटरीचा उजेड धरून शेजारी बसायचीस."

 दोघांकडे बघवेना, म्हणून मी उगाच प्लग न्याहाळत बसले.

बाबांनी मला पूर्ण लांबीची नवी तार आणि मोठं सॉकेट आणायला सांगितलं. नव्या तारेला पकड लावायची नाही, असं सासूबाईंना बजावलं. त्यांनी मान हलवली, पण चेहरा उतरला. बाबांनी ते पाहिलं.

"रेडिओ बिघडव," ते म्हणाले. "त्याला वेळ जास्त लागतो."