पाटावर बसलेला लॅपटॉप

टक्.

दुपारची वेळ. सई झोपलेली, स्वयंपाकघरातली भांडी आवरून झालेली. त्या शांततेत भिंतीवरचं बटण वाजलं आणि मी बंद पडलो. माझ्या आत मांडून ठेवलेलं सगळं त्या एवढ्याशा आवाजासरशी पुसलं गेलं. चार वाजता ते एका परक्या बाईंना दाखवायचं होतं, आणि ते दाखवता आलं तरच गंधालीला नोकरी मिळणार होती.

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. मुलुंड पूर्वेला, नवघर रस्त्यावरच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, मला माहीत नाही. माझ्या आतली जुनी डिस्क कधीच काढून टाकली आहे, त्यामुळे आधीच्या आयुष्याबद्दल जे सांगतो ते या घरात ऐकलेलं आहे. गंधालीने मला पहिल्या नोकरीच्या वेळी आणलं. ती विक्रोळीला एका कंपनीत प्रोग्राम लिहायची. तेव्हा म्हणे मी इतका चकचकीत होतो की माझ्यावर हात ठेवण्याआधी ती हात धुऊन यायची.

पुढे सई झाली. नोकरी सुटली. मी माळ्यावर गेलो, झबली-टोपड्यांच्या खोक्यात. मधूनमधून सईचा बाबा, मुकुल, मला खाली काढायचा आणि काम झालं की परत वर ठेवायचा. एकदा सईने माझ्यावर दूध सांडलं. एकदा माझ्या झाकणावर पोळपाट ठेवून कोणीतरी पोळ्यासुद्धा लाटल्या. माझी बॅटरी फुगली तेव्हा पाच रस्त्यावरच्या दुरुस्तीवाल्या रतनने ती काढली, डिस्क बदलली आणि गंधालीला सांगितलं, "ताई, हा आता वायरवरच चालणार. वायर निघाली की संपला. तुम्ही नवीन बघा." गंधालीने नवीन बघितला नाही. मला ओढणीत गुंडाळून घरी आणलं.

कारण तिला पुन्हा काम करायचं होतं. एका कंपनीत तिने अर्ज केला होता. तिथल्या इरावतीबाई फोनवर नीट बोलल्या, पण बोलता बोलता म्हणाल्या, "चार वर्षं म्हणजे या कामात फार होतात हो. बरंचसं विसरायला झालं असेल." मग बाईंनी तिला एक काम करून दाखवायला सांगितलं. ब्लॉकचेनवर एक छोटी नोंद तयार करायची, जी नंतर कोणाला गुपचूप बदलता येणार नाही.

मित्रांनो, ब्लॉकचेन म्हणजे नोंदींची साखळी. तीच नोंद पुष्कळ यंत्रांवर असते, म्हणून एकाने खोडली तरी बाकीची यंत्रं खरं काय ते सांगतात. गंधालीने विषय घेतला आमच्या इमारतीतल्या गणपतीच्या आरतीच्या पाळ्यांचा. पहिल्या संध्याकाळचं ताट कोणाच्या हातात द्यायचं, यावरून दर वर्षी जिन्यात आवाज चढतो. गेल्या वर्षी पहिली पाळी कोणाची होती, हे प्रत्येकाला वेगवेगळं आठवतं.

पण काम सुरू करण्याआधी माझ्यावर त्याची मांडामांड करायला हवी होती. रांधायच्या आधी ओटा मांडावा लागतो, तसंच हे. आणि इथेच माझं वय आडवं आलं. कामाला लागणारं पहिलंच साधन, म्हणजे सॉफ्टवेअर, म्हणालं, एवढ्या जुन्या यंत्रावर मी चालणार नाही. गंधालीने माझी सगळी प्रणाली पुसून दुसरी, हलकी प्रणाली घातली. मग दोन साधनांचं आपसात पटेना, कारण एक नव्या आवृत्तीचं होतं आणि दुसरं जुन्या. माझ्या पडद्यावर लाल ओळी धो धो यायच्या. ती त्या वाचायची, एक साधन काढायची, दुसरं घालायची, आणि बरोबर तेव्हाच सई उठायची. मग मी तसाच उघडा राहायचो, कुकरच्या शिट्ट्या ऐकत.

तिचा सगळा वेळ असा चोरलेला होता. सईची दुपारची झोप, सईचं शेजारी खेळायला जाणं, सासूबाईंची भजनाची वेळ. तेवढ्यात जे होईल ते.

गंधालीच्या सासूबाई म्हणजे वसुधाआजी. त्यांना माझं हे कौतुक काही समजत नव्हतं. "एवढी साखळी साखळी करतेस, एकदा गळ्यात घालून तरी दाखव," असं त्या भाजी निवडताना म्हणायच्या. आणि त्यांना एक सवय होती. खोलीतून बाहेर पडताना त्या भिंतीवरची सगळी बटणं बंद करायच्या. शेजारच्या इमारतीत एकदा चार्जर जळला होता. मी सईच्या गादीजवळ असायचो, आणि पोरीच्या उशाशी काही चालू राहिलेलं त्यांना चालत नसे.

आता गंमत अशी, की खऱ्या साखळीवर लिहिण्याआधी सरावाची एक साखळी आपल्याच यंत्रावर चालवतात. ती फक्त यंत्र चालू असेपर्यंत जगते. लिहिलेला प्रोग्राम डिस्कवर राहतो, पण साखळीवरच्या नोंदी यंत्र बंद पडलं की जातात. खरी साखळी कधी विसरत नाही, सरावाची एका टक्‌मध्ये सगळं विसरते. आजी बटण बंद करायच्या, गंधाली परत येऊन पहिल्यापासून सुरुवात करायची. असं बरेचदा झालं. शेवटी तिने माझ्या वायरच्या, भिंतीवरच्या बटणाला एक लाल टिकली लावली आणि सांगितलं, "आई, टिकलीवालं बटण तेवढं सोडा." आजींनी ते पाळलं. पुढे बरेच दिवस टिकलीला त्यांनी हात लावला नाही.

सरावाच्या साखळीवर खोटी खोटी खाती आपोआप मिळतात. प्रत्येकाला एक लांबलचक न वाचता येणारा आकडा असतो, आणि साखळी कितीदाही सुरू केली तरी तीच खाती, तेच आकडे, त्याच क्रमाने येतात. गंधालीने ती इमारतीतली बिऱ्हाडं म्हणून वापरली. सई मांडीवर बसायची, तिने त्यांना नावं दिली. पहिली जया, दुसरा शिवदास, तिसरा निहार. जया तिची लाडकी होती. पहिल्या आरतीची पाळी सईने जयालाच दिली होती.

खंडेनवमीच्या दिवशी चार वाजता इरावतीबाई व्हिडिओवर काम बघणार होत्या. सकाळीच सगळं मांडून झालं. साखळी चालू, नावं भरलेली, पाळ्या भरलेल्या. जेवणं झाल्यावर आजींनी गंधालीला उद्यासाठी झेंडू आणि आपट्याची पानं आणायला स्टेशनजवळ पाठवलं. ती मला चालू ठेवून गेली.

बंद असताना मला काही कळत नाही. मधलं जे झालं ते नंतर बोलण्यातून समजलं. गंधाली परत आली तेव्हा मी पाटावर होतो. खाली लाल कापड. एका बाजूला विळी, दुसऱ्या बाजूला मुकुलचा स्क्रूड्रायव्हर. माझं झाकण उघडं, माझ्यावर हळदकुंकू, अक्षता, आणि समोर आजी हात जोडून.

गंधालीने पिशवी दारातच ठेवली. "आई, हा कोणी बंद केला?"

"मीच. हत्यार आहे ना तुझं? इतके दिवस खेळणं समजत होते मी. आज हत्याराला हात लावायचा नाही. उद्या सोनं वाटून झालं की घे."

गंधाली पाटासमोर खाली बसली. तिने आजींना हळू आवाजात सांगितलं, की चार वाजता कंपनीच्या बाई बघणार आहेत, मांडलेलं सगळं गेलं आहे आणि दुसरी वेळ मिळणार नाही.

आजींच्या हातातली निरांजनाची वात तशीच राहिली. "टिकली दिसली होती गं मला," त्या म्हणाल्या. "म्हटलं, आजचा दिवस तरी देवाचं ऐकू."

मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. चिमूटभर अक्षता घेतल्या, माझ्यावर टाकल्या, आणि पाटासकट मला जरा गंधालीकडे सरकवलं.

"झाली उत्तरपूजा. हलवलं त्याला. आता वापर. पोरगी उठली तर मी आहे."

मला वायर लागली आणि मी जागा झालो. बटणांच्या फटींत तांदूळ होते, पण मी चालत होतो. बरोबर चार वाजता इरावतीबाई पडद्यावर आल्या आणि म्हणाल्या, "गंधाली, तुमच्याकडचं फक्त लाल दिसतंय मला."

आजींनी पडद्याच्या वर मधोमध, कपाळ समजून, नेमकं कॅमेऱ्यावर कुंकू लावलं होतं. गंधालीने ओढणीने पुसलं. आधी सगळं गुलाबी झालं असेल, मग तिचा चेहरा दिसला असेल, कारण बाई हसल्या. त्यांच्या आईकडे खंडेनवमीला शिवणयंत्राला असंच कुंकू लावायचे, म्हणाल्या. मग हसणं आवरून त्या म्हणाल्या, दाखवा.

गंधालीने सरळ सांगितलं, की सरावाची साखळी पुसली गेली आहे, तुमच्यासमोर पुन्हा उभी करते. बाई म्हणाल्या, त्यांना साडेचारला दुसरीकडे जायचं आहे.

तिने सुरुवात केली. साखळी चालू झाली. आरतीचा प्रोग्राम तिच्यावर चढला. नावं भरली. पहिली पाळी भरायला गेली आणि सगळं अडलं. लाल ओळ आली. पाळी काही नोंदवली जाईना.

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

मला आत काय चाललंय ते कळत होतं. साखळीवर लिहिताना सही करायला ब्राउझरमध्ये एक वॉलेट असतं. ते डिस्कवर राहतं, म्हणून त्याला सकाळचे सगळे व्यवहार आठवत होते. साखळी मात्र नुकती जन्मलेली, तिला काहीच आठवत नव्हतं. एकाला आठवतं आणि दुसऱ्याला नाही, म्हणून दोघांचं जुळत नव्हतं. ही लाल ओळ माझ्यावर गंधालीने कितीदा तरी पाहिली होती. आजींनी बटण बंद केलं की दर वेळी हीच यायची. तिने क्षणभरही न शोधता वॉलेटची आठवण पुसली, पाळी पुन्हा भरली. हिरवी ओळ आली. घाईत पहिलं ताट शिवदासच्या हातात गेलं, जयाला तिसरी पाळी मिळाली. मग एक पाळी तिने मुद्दाम गुपचूप बदलून पाहिली, आणि साखळीने नकार दिला.

"यात नवीन मुलं तासन्‌तास अडकतात," बाई म्हणाल्या. "हे कुठे शिकलात?"

"आमच्या घरी बटणं फार बंद होतात," गंधाली म्हणाली.

बाईंनी काहीतरी टिपलं. मग विचारलं, "दिवाळीनंतर लगेच येऊ शकाल?"

गंधालीने हो म्हटलं. दाराशी आजी उभ्या होत्या. त्यांनी निरांजन लावलं.

मित्रांनो, आता कंपनी तिला स्वतःचं यंत्र देईल. मी कदाचित पुन्हा माळ्यावर जाईन. माझी तक्रार नाही. मला वर्षातून एकदा फुलं वाहिली नाहीत तरी चालेल. एवढंच सांगतो, की घरात जुनी वस्तू असेल तर तिच्यावरची धूळ पुसत जा, आणि बटणाला हात लावण्याआधी तिच्यावर कोणाचं काय चालू आहे तेवढं विचारत जा. विचारायला काही लागत नाही.

तेवढ्यात सई उठून आली. डोळे चोळत आईच्या मांडीवर बसली. माझ्या पडद्यावरची यादी तिला आता ओळखता येते. पहिल्या ओळीवर तिने बोट ठेवलं.

"इथे जया होती. मी तिला पहिली पाळी दिली होती."

गंधालीने समजावलं, की दुपारी लॅपटॉप बंद झाला होता. बंद झाला की आतली सगळी विसरतात. आता जया तिसरी आहे.

"तिला मी आठवत नाही?"

"नाही गं. तिला काहीच आठवत नाही. पण तिचा आकडा बघ, तोच आहे."

सईने तो लांबलचक आकडा बोटाने शेवटपर्यंत गिरवला. गंधालीचा हात माझ्या बटणांवर तसाच थांबला होता.

"पण तिला काहीच आठवत नसेल," सई म्हणाली, "तर ती जयाच आहे का?"