तोडलेला धवला

आवतण द्यायला धनेश स्वतः आला, एवढीच काय ती चांगली गोष्ट. गोजराआजीच्या ओट्यावर त्यानं पत्रिका ठेवली, वाकून पाया पडला आणि तोंड भरून म्हणाला, "आजी, हळदीला तुमी फक्त जेवायला या. गायचा त्रास नको. तुमचा धवला आता पॅडवरच वाजतो ना!"

शेजारच्या दारात उन्नती उभी होती. ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्रास नको म्हणे! अहो, गोजराआजीच्या धवल्याशिवाय करावे गावात एका नवऱ्याच्या अंगाला हळद लागली असेल तर शपथ. आगऱ्यांच्या लग्नात देवांना, पितरांना, सोयऱ्याधायऱ्यांना नावानं हाक मारून मांडवात बोलवायचं ते या गाण्यानं, आणि ते गाणारी ती धवलारीण. आधी तिची ओटी भरायची, नारळ आणि लुगडं द्यायचं, मगच ती तोंड उघडणार. आणि एकदा उचललेला धवला मध्ये तोडायचा नाही. वीज जाऊ दे, मांडवात हाणामारी होऊ दे, तो पुरा व्हायलाच हवा. नाहीतर निघालेले देव अर्ध्या वाटेवर उभे राहतात, असं म्हातारी माणसं सांगतात. अशा बाईला हा गडी सांगतो, जेवायला या!

परका असता तर उन्नतीनं तिथंच झाडला असता. पण धनेश तिचा चुलतभाऊ. महाप्याच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो, सीवूड्सला स्टेशनजवळ फ्लॅट घेतलाय, गळ्यात कंपनीचं कार्ड घालून रविवारीपण फिरतो. लग्न मात्र गावच्या मैदानात, कारण नातेवाईकांना दाखवायचं होतं.

तो गेल्यावर गोजराआजी पत्रिकेकडे बघत बसली. मग हळूच म्हणाली, "उन्नते, तू तं बोलली, तुजा पॅडचा किट कोनी इकत घेत नाय."

"नाहीच घेत, आजी."

"मंग ह्याच्याकं कसा आला? घनसोलीच्या लग्नात वाजला, दिघ्याला वाजला. सगल्या मांडवांत माजा आवाज हाय, नि तू म्हनतंस, इक्री नाय."

"चोरलाय तो."

"आवाज कसा चोरतान?" म्हातारीनं गळ्याला हात लावला. "माजा गला तं हितंच हाय."

उन्नतीनं बरंच समजावलं, पण आजीच्या डोळ्यांत जे आलं होतं ते आलंच होतं. पोरगी पैसे खाते, हा संशय. तोंडानं ती एवढंच म्हणाली, "तुमच्या घरचंच लगीन. मी काय बोलू?" आणि उठून आत गेली. चहा घेऊन जा, असं त्या घरात उन्नतीला पहिल्यांदाच कुणी म्हटलं नाही.

रडूच यायचं बाकी राहिलं. ऐरोलीतली नोकरी सांभाळून उन्नतीनं ते किट बनवलं होतं. आता लग्नात बेंजोवाल्यांकडे ऑक्टोपॅड असतो. रबरी चौकोनांचं यंत्र, ज्या चौकोनावर काठी मारावी त्यातला आवाज वाजतो. उन्नतीनं गावातल्या जुन्या वादकांची वाद्यं रेकॉर्ड केली, ते आवाज चालवणारं सॉफ्टवेअर लिहिलं आणि पाचशे रुपये किंमत ठेवली. शेवटचा चौकोन गोजराआजीचा. आजी आधी तयारच नव्हती. मग दोन गोष्टी कबूल करून घेतल्या तिनं: येईल त्यातलं अर्धं माझं, आणि माझा धवला कुणी तोडता कामा नये. ही दुसरी गोष्ट उन्नतीला फार महागात पडली. कारण पॅडवाल्यांचा हात शिवशिवतो, एक आवाज संपायच्या आत ते दुसरी काठी हाणतात. तिनं जागून जागून असं कुलूप बसवलं, की धवल्याच्या चौकोनावर कितीही बडवा, गाणं पुरं झाल्याशिवाय ते पुन्हा सुरू होत नाही. पाचशे रुपयांत हे सगळं होतं. आणि लोक म्हणतात, दोन-चार आवाजांचे एवढे पैसे?

सुरुवातीला किट खपलंही. आजीच्या हातात पैसे ठेवले तेव्हा तिनं ते देवापुढं ठेवले होते. मग एकाएकी विक्री थांबली आणि किट मात्र गावोगाव वाजायला लागलं. फुकट्यांनो, निदान म्हातारीचा वाटा तरी द्या!

हळदीच्या संध्याकाळी मैदानात पिवळ्या साड्यांची गर्दी उसळली होती. गोजराआजी आली होती. आवतण मोडायचं नाही म्हणून आली, आणि कडेच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिली. उन्नती तिच्या बाजूला बसली तर आजीनं पदर सावरून तोंड दुसरीकडे केलं.

धनेश पाटावर बसला. त्याची आई, म्हणजे उन्नतीची काकी, हळदीचं पातेलं घेऊन पुढं झाली. बेंजोवाल्या यशराजनं काठी उचलली, आणि भल्यामोठ्या स्पीकरांतून गोजराआजीचा आवाज आला. देवाचं नाव घेणारा, भरदार आवाज.

"गन... गन... गन-गन-गन-गनराया गन..."

यशराज रंगात आला होता. काठीवर काठी. देवाचं नाव पुरं होतच नव्हतं. पोरं खांदे उडवत नाचायला लागली, कुणी शिट्टी मारली, आणि म्हातारीच्या आवाजाचा तिथं चक्क कीस पडत होता.

उन्नती ताडकन उठली. पण तिच्याआधी गोजराआजी उठली होती. ती गर्दी बाजूला सारत सरळ गेली आणि पॅडवर आपला पंजा ठेवला. यशराजची काठी हवेतच राहिली.

"कोन तोडतंय माजा धवला?"

आजी वळली ती उन्नतीकडे. "ह्या कबूल केलावतास तू?"

"नाही आजी! माझ्या किटमध्ये हे होऊच शकत नाही. कुलूप घातलंय मी. यशराज, कुठून आणलंस हे?"

यशराज गडबडला. "ताई, माझ्यावर कशाला? धनेशदादानं दिलं. कुलूप त्यानंच काढलंय. धवला कट मारता येत नव्हता ना, नाचायला मजा येत नव्हती. मग त्यानंच आमच्या बेंजोवाल्यांच्या ग्रुपवर टाकलं. बोलला, घरचंच आहे."

उन्नतीला आठवलं. किट बाजारात काढायच्या आधी तिनं ते धनेशला दिलं होतं. "तू यातला माणूस आहेस, दादा, जरा तपासून दे," असं म्हणून. त्यानं खरंच तपासलं होतं! घरच्या माणसानं, पायरीवर बसून, तिच्या हातचा चहा पीत.

"धनेशदादा, हे खरं?"

अंगाला हळद लावून पाटावर बसलेल्या माणसाला पळता येत नाही. तो हसला. "अगं, आत्ता कशाला तमाशा? आज ना उद्या कुणीतरी काढलंच असतं. आणि तुझी किंमतच चुकली. पाचशे कोण देतो? पन्नास ठेवली असतीस तर सगळ्यांनी घेतलं असतं."

"पन्नासात आजीला काय देऊ? मावा घेऊन देऊ? आणि तुझ्या कंपनीचं सॉफ्टवेअर काय पन्नासात मिळतं?"

"ते वेगळं. ती कंपनी आहे."

"आणि आम्ही?"

"तुम्ही घरचे."

"अस्सं! म्हणजे परक्याचं विकत घ्यायचं आणि घरच्याचं लुबाडायचं. वा रे वा! या बेंजोवाल्याला पैसे दिलेस, त्या डेकोरेशनवाल्याला दिलेस, सेल्फी काढायला तो फुलांचा मोर उभा केलायस त्याचेही मोजलेस. एकटी आजीच तेवढी फुकट? तिनं मला चोर समजलं, माहितीये? तुझ्यामुळं तिच्या घरातला चहा तुटला माझा!"

शेवटचं वाक्य बोलताना उन्नतीचा आवाज फाटला. गोजराआजीनं जवळ येऊन आपल्या पदरानं पोरीचं तोंड पुसलं.

"उगी गो बाय. माजंच चुकलं. तू नाय तोडलास."

एवढा वेळ काकी पातेलं धरून थिजली होती. आता तिच्या डोक्यात उजेड पडला, आणि पैशांचा नव्हे, भलताच. "अगो बाय! माज्या पोराच्या हलदीला तोडलेला धवला? देव कुठं राहिलं मंग?" पातेलं खाली ठेवून ती धावतच आली. "मावशी, पाया परते, पुरा करा. आत्ता करा!"

"मला नको सांगू," गोजराआजी म्हणाली. "माजा आवाज मी ह्या पोरीच्या हाती दिलाय. हिला इचार. ही सांगंल तं गाईन, नाय तं जेवून घरी जाईन. आवतण जेवायचंच होतं."

सगळा मांडव उन्नतीकडे बघायला लागला. धनेशनं पाटावरूनच करवल्याला पाकीट आणायची खूण केली. "बोल, किती पाहिजेत? पाचशे? पाच हजार देतो, पण आता वाद नको."

ते ऐकून तर ती जास्तच भडकली. "पाकीट ठेव आत. माईक घे. काय केलंस ते सांग, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग आजीची ओटी भरा. पाकिटाचं मी लग्नानंतर बघते, सोडणार नाहीये."

"उन्नती, माझ्या कंपनीतले लोक आलेत..."

"मग तर जोरात सांग."

धनेशनं आईकडे बघितलं. आईनं यशराजच्या हातातला माईक ओढून त्याच्या तोंडाशी धरला. "बोल मेल्या."

तो बोलला. पहिल्यांदा पुटपुटला, तेव्हा मागून बायका ओरडल्या, "ऐकू नाय आला!" मग त्यानं पुन्हा सांगितलं. किट उन्नतीचं आहे, आवाज गोजराआजीचा आहे, कुलूप मी तोडलं आणि फुकट वाटलं. कंपनीतले लोक थंड पेयाच्या ग्लासात डोळे घालून उभे होते.

काकीनं स्वतःसाठी घेतलेली कोरी पैठणी आणली. नारळ, तांदूळ, हळकुंडं घालून आजीची ओटी भरली आणि वाकून पाया पडली. गोजराआजी पाटासमोर बसली. उन्नतीला तिनं हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं, डोळे मिटले आणि श्वास घेतला.

आणि मोबाईल वर झाले! एक, दोन, मग सगळ्या मांडवभर. पिवळ्या साड्यांतून, फेट्यांच्या आडून, थंड पेयाच्या ग्लासांमागून. आत्ता दोन मिनिटांपूर्वी माना हलवणारी, अरेरे म्हणणारी हीच माणसं. उन्नतीला त्या क्षणी सगळ्या गावाची किळस आली.

आजीनं डोळे उघडले. सगळीकडे एकदा नजर फिरवली आणि तोंड मिटून घेतलं. नुसती बसून राहिली, मांडीवर नारळ घेऊन.

हळूहळू लोकांना समजलं. पुढच्या रांगेतला एक हात खाली आला. मग दुसरा. यशराजनं आपला फोन खिशात टाकला. शेवटी एकच फोन उरला. तो पाटाशेजारी उभ्या असलेल्या करवल्याच्या हातात होता, आणि धनेश त्याला डोळ्यांनी खुणावत होता, की चालू ठेव.

काकीनं तो फोन करवल्याच्या हातातून काढून घेतला. "कुनाचा?" तिनं विचारलं.

"धनेशदादाचा," पोरगा म्हणाला.

काकीनं तो हळदीच्या पातेल्यात बुडवला. कोपरापर्यंत हात घालून, तळाशी दाबून धरला. कुणी हसलंसुद्धा नाही.

"हां," गोजराआजी म्हणाली, आणि तिनं धवला पहिल्यापासून उचलला.