बाबांची मोठी अक्षरं

दचकू नका, बोलतेय ती मी, पेनड्राइव्हमधली एक छोटीशी स्क्रिप्ट. संगणकाला ओळीने सांगितलेली चार कामं, एवढाच माझा जीव.

मला लिहिलं एका शिंप्याने. कपड्यांचं कटिंग काढायचा जुना प्रोग्राम दुकानातल्या संगणकावर चाले आणि घरच्यावर हटून बसे. तो कुठंही चालावा म्हणून, चष्मा कधी कपाळावर कधी नाकावर करत, शिंपी स्क्रिप्ट लिहायची सोपी भाषा शिकला. लेक हसायची, "बाबा, लिहिताय कमी, उसवताय जास्त!"

"अंगावर नीट बसायला नको का?"

माझं काम असं. पेनड्राइव्ह कुठल्याही संगणकाला लावला की मालकाच्या आवडीनिवडी तिथं मांडायच्या, प्रोग्राम उघडायचा आणि तो बंद झाला की सगळं गोळा करून परत यायचं. मागे कपटाही ठेवायचा नाही. आवडीनिवडी अर्थात शिंप्याच्याच: डोळे अधू म्हणून ढब्बू अक्षरं, मापं इंचांत आणि खाकी कागदासारखा पिवळसर पडदा.

लग्नानंतर लेक सासरी निघाली, तेव्हा त्याने मला तिच्या हातावर ठेवलं. "तिथल्या संगणकात काही टाकू नकोस. परक्या घरी पसारा नको."

"आता ते माझंच घर ना, बाबा?"

"हो गं. तरी पण."

ते 'तरी पण' तिने फारच मनावर घेतलं. सासरच्या संगणकावर ती कपड्यांचं कटिंग काढायची आणि मी सगळं आवरून निघायचे, ते ठीक. पण तिचा टॉवेलही वाळला की बॅगेत जाई. मी त्याच बॅगेत राहायचे, म्हणून ठाऊक. एकदा सासूबाई म्हणाल्या, "अगं, पाहुणी आहेस का तू? बेसिनवर सगळ्यांचे ब्रश, तुझा कुठाय?" ब्रश बॅगेतच राहिला.

मग एका दुपारी फोन आला. शिंपी दुकानातच, कापड पुढ्यात असताना, गेला. दुकान आवरलं, मशीन कुणीतरी नेलं. त्याने मांडलेलं जसंच्या तसं उरलं ते एकाच ठिकाणी, त्या पिवळ्या पडद्यावर. लेकीला मोठी अक्षरं लागत नव्हती, तरी तिने ती कधी लहान केली नाहीत. काम नसतानाही मला लावून बसायची.

नवऱ्याने हौसेने नवा संगणक आणला. त्यावर आमचा प्रोग्राम काही केल्या उघडेना.

"फार जुना झालाय गं. नवा प्रोग्राम घालून देतो ना, तुझ्यासाठीच," तो म्हणाला. तिने मला मुठीत घट्ट धरलं.

नवा उघडला. पांढराफटक पडदा, सेंटिमीटर, मुंगीएवढी अक्षरं. जुन्या प्रोग्रामच्या आवडीनिवडी याला कळत नव्हत्या, तिथं मला काहीच मांडता येणार नव्हतं.

तिने खुर्ची पुढे ओढली. मग हळूहळू एकेक बदलू लागली. इंच. पिवळसर रंग. अक्षरं मोठी, अजून मोठी.

"एवढी कशाला गं?" सासूबाई मागून म्हणाल्या. "तुला चांगलं दिसतं की!"

"दिसतं ना," ती डोळे पुसत म्हणाली. "पण राहू दे असंच."

माझंच काम ती हाताने करत होती. फक्त शेवटचं तिने गाळलं. उठताना काही गोळा केलं नाही.

आता मी खणात असते, बॉबिन आणि खडूच्या तुकड्यांशेजारी. मला कुणी लावत नाही. बॅग रिकामी होऊन माळ्यावर गेली. जागा हवी म्हणून उद्या मला पुसायचं झालं, तर खुशाल पुसा. त्या पडद्यावरची अक्षरं तेवढी लहान करू नका.